शब्द सगळे कळतात, तरी वाक्याचा अर्थ उलटा का लागतो?

वाचनवर्ग_फोंडा:

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या प्रौढांच्या मराठी वाचनवर्गासंबंधी प्रश्न आहे. वर्गात २२ जण आहेत. घरची भाषा बहुतेकांची कोंकणी, पाच जणांची कन्नड, तिघांची हिंदी. प्राथमिक शाळेनंतरचं शिक्षण सगळ्यांचं इंग्रजीतून. मराठी बोलताना कोणी अडत नाही. विभक्ती, प्रयोग, लिंग यांच्या लेखी चाचणीतही बहुतेकांना चांगले गुण मिळतात. पण सरकारी पत्रातलं असं वाक्य समोर आलं की निम्मा वर्ग घसरतो:

"मामलेदारांनी अर्जदाराला नोटीस पाठवणाऱ्या पंचायतीच्या सचिवाकडून खुलासा मागवला."

नोटीस कोणी पाठवली, असं विचारलं की उत्तर येतं, "मामलेदारांनी." पुन्हा सावकाश वाचायला दिलं की काही जण सुधारतात, बाकीचे त्याच उत्तरावर ठाम राहतात. एकही शब्द अनोळखी नाही. ही व्याकरणाची कमतरता म्हणायची की दुसरं काही? शिकलेल्या भाषेत वाक्य जुळवताना डोक्यात वेगळं काय घडतं? आणि हे वर्गात मोजता येईल का? लॅपटॉप एकच आहे, फोन सगळ्यांकडे आहेत.

---

पदच्छेद:

आधी हे वाक्य चार-पाच जन्मापासून मराठी बोलणाऱ्यांना देऊन पाहा. त्यांच्यातलेही एकदोघे अडखळतील, कारण वाक्यातच चकवा आहे.

वाक्य संपेपर्यंत थांबून मग अर्थ लावायचा, असं कुठलाच वाचक करत नाही. प्रत्येक शब्द आला की तो तिथल्या तिथे कुठेतरी बसवला जातो. "मामलेदारांनी" आलं, म्हणजे कर्ता मिळाला. "अर्जदाराला" आलं, घेणारा मिळाला. "नोटीस" आलं, वस्तू मिळाली. देणारा, घेणारा आणि वस्तू अशी तिन्ही माणसं-सामान हजर, आणि पुढचा धातू "पाठव-". सगळं चपखल बसतं. तेवढ्यात त्याच शब्दाच्या शेपटीला "-णाऱ्या" येतं आणि सांगतं की हे मुख्य क्रियापद नाही, पाठवणारा अजून पुढे आहे. आता "अर्जदाराला नोटीस" एवढा भाग मामलेदारांपासून सोडवून पंचायतीच्या बाजूला नेऊन बांधावा लागतो. ही उचलाठेव म्हणजेच तुमची अडचण.

मातृभाषकाला इथे एक खूण मदत करते. "-नी" लागलेला कर्ता "पाठवणाऱ्या"शी जुळूच शकत नाही. "मामलेदारांनी पाठवलेली नोटीस" होतं, "मामलेदारांनी पाठवणारी नोटीस" होत नाही. "-ने/-नी" ऐकलं की मराठी कान पुढे "मागवला", "पाठवली" असं झालेलं काम धरतो, किंवा "मागवावा", "पाठवावी" असं विध्यर्थी रूप. हा नियम तुमच्या विद्यार्थ्यांना कागदावर येतो, चाचणीतले गुण तेच सांगतात. पण पाव सेकंदात, पुढचा शब्द यायच्या आत तो हाताशी येत नाही. माहिती असणं आणि ती वेळेवर हजर होणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि लेखी चाचणी फक्त पहिली मोजते.

खूण वेळेवर हजर झाली तर काय होतं, ते जपानीवरच्या एका प्रयोगात छान दिसलं. युकी कामिदे, जेरी ऑल्टमन आणि सारा हेवुड यांनी २००३ साली लोकांना चित्र दाखवून वाक्यं ऐकवली. जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. वाढणारी बाई कर्त्याच्या प्रत्ययासह आणि गिऱ्हाईक "-ला"सारख्या प्रत्ययासह ऐकू आलं, की क्रियापद यायच्या आधीच ऐकणाऱ्यांची नजर चित्रातल्या खाद्यपदार्थाकडे वळू लागे. दोन प्रत्ययांवरून पुढची वस्तू ताडली जात होती. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषा वेगानं समजतात त्या अशा अंदाजाच्या बळावर. शिकलेल्या भाषेत हा अंदाज अनेकदा उशिरा येतो, किंवा येतच नाही.

पुन्हा वाचूनही काही जण उत्तर बदलत नाहीत, याचंही नवल वाटू देऊ नका. २००१ साली किएल क्रिस्टियनसन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी मातृभाषकांवर दाखवलं की चकव्याच्या वाक्यात मागाहून दुरुस्ती झाली, तरी पहिला चुकीचा अर्थ पुरता पुसला जात नाही. दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी राहतात आणि विचारल्यावर कधी पहिलाच बाहेर येतो.

या विषयात हाराल्ड क्लासेन आणि क्लाउडिया फेल्सर यांचा २००६ चा सिद्धांत सगळ्यात जास्त चर्चिला गेला. मोठेपणी शिकलेल्या भाषेत वाचक वाक्याची रचना उथळ बांधतो आणि शब्दांचे अर्थ, जगाची माहिती, काय शक्य वाटतं यांवर जास्त भिस्त ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या वाक्याला ते बरंचसं लागू पडतं. नोटिसा पाठवणं हे मामलेदारांचं नेहमीचं काम, त्यामुळे चुकीचा अर्थ दिसायलाही शहाणा दिसतो.

---

मांडवीकाठ:

वाक्याच्या विच्छेदनाशी पूर्ण सहमत. "उथळ रचना" हे मात्र मला पटत नाही, कारण त्यातून "प्रौढांना हे जमणारच नाही" असा अर्थ काढला जातो, आणि शिकवणाऱ्याने तसं मानलं तर विद्यार्थ्यांचं नुकसान होतं.

जॅनेट मॅक्डॉनल्ड यांनी २००६ मध्ये इंग्रजी मातृभाषकांवरच ताण टाकला, उदाहरणार्थ वाक्यं गोंगाटात ऐकवली. मातृभाषक जवळपास त्याच ठिकाणी चुकू लागले जिथे शिकाऊ चुकतात. म्हणजे बांधणीची यंत्रणा तीच आहे. शब्द ओळखण्यातच जास्त वेळ आणि जास्त डोकं खर्च झालं की जुळवणीला उरत नाही. सरावाने शब्दओळख हलकी झाली की रचनाही सुधारते. क्रिस्टोस प्लियात्सिकास आणि थिओडोरॉस मारिनिस यांच्या २०१३ च्या अभ्यासात, इंग्रजी बोलणाऱ्या समाजात दीर्घकाळ राहिलेले ग्रीक लोक अवघड रचना मातृभाषकांसारखीच हाताळताना आढळले; फक्त वर्गात शिकलेले तसे नव्हते.

तुमच्या वर्गासाठी जास्त उपयोगी आहे ती ब्रायन मॅक्व्हिनी आणि एलिझाबेथ बेट्स यांची "खुणांची चढाओढ" ही मांडणी. कर्ता कोण हे ठरवायला प्रत्येक भाषा काही खुणा देते: शब्दक्रम, प्रत्यय, क्रियापदाचं रूप, सजीव-निर्जीव. कुठल्या खुणेला किती वजन द्यायचं, ते माणूस भाषेगणिक शिकतो. १९८४ च्या त्यांच्या तुलनेत इंग्रजी भाषक शब्दक्रमाला चिकटले, तर इटालियन भाषक क्रियापदाच्या जुळणीमागे गेले. दुसरी भाषा शिकताना माणूस जुनी वजनंच घेऊन येतो आणि ती हळूहळू बदलतात.

तुमच्याकडे तीन घरभाषा आणि वर शाळेची इंग्रजी आहे, म्हणून कोण कुठली खूण वापरतो हे आधी शोधा. कागद-पेन्सिल पुरे. खुणांची मुद्दाम भांडणं लावलेली वाक्यं द्या आणि विचारा, "काम कोण करतं?"

"बैल गाय ढकलते." क्रम म्हणतो बैल, क्रियापद म्हणतं गाय.

"मुलाला बैल ढकलतो." क्रम म्हणतो मुलगा, प्रत्यय म्हणतो बैल.

"दगड मुलगा उचलतो." क्रम म्हणतो दगड, जगाची माहिती म्हणते मुलगा.

"सुनीता राधाला आवडत नाही." नावड कोणाची? राधाची. जो सुनीता म्हणेल त्याच्यावर इंग्रजीच्या क्रमाचा पगडा आहे.

काही वाक्यं कानाला विचित्र लागतील, तशी ती लागलीच पाहिजेत. सरळ वाक्यात सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात, मग वाचक कशाच्या आधाराने उत्तर देतो ते कळत नाही. प्रत्येक भांडणाची किमान सहा वाक्यं करा, नामं बदलून. दोन वाक्यांवरून निष्कर्ष काढू नका. नामं निवडताना लिंग आणि वचन क्रियापदात स्पष्ट दिसेल अशी घ्या. "सर", "आजोबा" टाळा, कारण "आजोबा येतात" मधलं आदराचं अनेकवचन वेगळाच गोंधळ घालतं.

निकाल वाचायचा तो असा. कन्नड घरचे "-ला" बहुधा चांगला पकडतील, कारण कन्नडमध्येही कर्माला आणि घेणाऱ्याला प्रत्यय लागतात. "आलेला मुलगा" या धर्तीची, नामाआधी येणारी विशेषणवाक्यंही कन्नडात रोजची आहेत. पण "मुलीने आंबा खाल्ला" इथे ते अडखळतील. कन्नड क्रियापद कर्त्याशीच जुळतं, "-ने"सारखा कर्ता तिथे नाही आणि निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. त्यामुळे "खाल्ला" वरून आंब्याकडे वळायची सवयच नसते. हिंदी घरच्यांना "-ने" ओळखीचा. त्यांना दुसरी गोष्ट खटकेल: हिंदीत "भेजने वाली" आणि "भेजने वाले" यांवरून विशेषण कोणाचं ते कळतं, मराठीत मात्र सामान्यरूपात तिन्ही लिंगांना "पाठवणाऱ्या" एवढंच. तुमच्या वाक्यात नोटीस पंचायतीने पाठवली की सचिवाने, हे मराठी सांगतच नाही. तो दोष वाचकाच्या खाती टाकू नका. उत्तरपत्रिकेत दोन्ही उत्तरं बरोबर धरा.

---

तांबडी_माती:

कोंकणी घरच्यांबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं. त्यांची अडचण दूरच्या भाषेतून येणाऱ्यांसारखी नसते. दोन्ही भाषांची चौकट एवढी जवळची, की चूक झाल्याची शंकाही येत नाही.

पहिली जागा सर्वनामांची. कोंकणीत "हांव" आणि "हांवें", "तूं" आणि "तुवें" वेगळे आहेत. "हांवें" म्हटलं की बहुधा झालेलं सकर्मक काम येणार हे पहिल्याच शब्दाला कळतं: हांवें आंबो खालो. मराठीत "मी आंबा खातो" आणि "मी आंबा खाल्ला" दोन्हीकडे "मी". म्हणजे कोंकणी वाचकाला घरी जी खूण वाक्याच्या दारातच मिळते, ती मराठीत शेवटच्या शब्दापर्यंत मिळत नाही. "त्याने", "तिने" मध्ये मिळते, "मी", "तू", "आम्ही", "तुम्ही" मध्ये नाही. म्हणून चाचणीत प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी वाक्यं वेगळी मोजा, एकत्र सरासरी काढलीत तर हा फरक बुडून जाईल.

दुसरी जागा सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. "म्हाका दिसता" म्हणजे "मला वाटतं", मराठी "मला दिसतं" म्हणजे डोळ्यांना. कोंकणी "जाय" म्हणजे हवं. मराठी कानाला त्यात जाणं ऐकू येतं. "आसा" म्हणजे आहे, "असा" म्हणजे या प्रकारचा. एक भाषा वाचताना दुसरी बंद करून ठेवता येत नाही. मायकेल स्पिव्ही आणि व्हायोरिका मारियन यांनी १९९९ मध्ये रशियन-इंग्रजी द्विभाषकांची नजर टिपली. रशियनमध्ये टपाल तिकिटाचा शब्द "मार्का" ऐकताना त्यांची नजर समोरच्या मार्कर पेनाकडेही जात होती. कोंकणी-मराठीत अशा शब्दांची संख्या प्रचंड. वाक्य लांब असेल तर त्या क्षणभराच्या घसरणीची किंमत पुढच्या दोन-तीन शब्दांवर पडते.

तिसरी जागा "ते" ची. कोंकणीत तरुण मुलीबद्दल "तें आयलें" म्हणतात. मराठीत न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले, त्यामुळे छापील "ते" म्हणजे ती वस्तू, ते अनेक जण, ते आदरणीय गृहस्थ, यांपैकी काहीही. मागचं नाम तीन ओळी वर असेल तर कोंकणी वाचक त्यात मुलीलाही शोधतो. उतारे निवडताना अशी सर्वनामं मोजून घ्या.

---

वाचनवर्ग_फोंडा:

फार उपयोगी. खुणांची वाक्यं करायला घेते. पण घसरण नेमकी "पाठवणाऱ्या" वरच होते, की तिथपर्यंत पोचायच्या आधीच वाचक दमलेला असतो, हे कसं कळणार? त्यासाठी वेळ मोजावा लागेल ना?

---

अक्षरमात्रा:

हो, आणि ते एका लॅपटॉपवर जमतं. पद्धतीला स्वगतीचं वाचन म्हणतात. पडद्यावर एक शब्द, स्पेसबार दाबला की तो जातो आणि पुढचा येतो; दोन दाबांमधला वेळ नोंदला जातो. त्यासाठी पीसीआयबेक्स किंवा सायकोपाय ही सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट आहेत.

वाक्यं जोडीने करा. तुमचंच उदाहरण घेते.

चकव्याचं: मामलेदारांनी । अर्जदाराला । नोटीस । पाठवणाऱ्या । पंचायतीच्या । सचिवाकडून । काल । खुलासा । मागवला.

सरळ: काल । अर्जदाराला । नोटीस । पाठवणाऱ्या । पंचायतीच्या । सचिवाकडून । मामलेदारांनी । खुलासा । मागवला.

शब्द तेच नऊ, फक्त "काल" आणि "मामलेदारांनी" यांची अदलाबदल. "पाठवणाऱ्या" दोन्हीकडे चौथा. ही काळजी घ्यावीच लागते, कारण वाक्यात पुढे जाताना वाचक आपोआप वेग घेतो. तिसऱ्या शब्दाची चौथ्याशी तुलना केलीत तर तो वेगच निकाल म्हणून दिसेल. पाचवा आणि सहावा शब्दही सारखे ठेवलेत, कारण अडखळणं बहुतेक वेळा अडचणीच्या शब्दावर न दिसता पुढच्या एक-दोन शब्दांवर सांडतं. "काल" मुळे "केव्हा" हा प्रश्न संदिग्ध होतो, म्हणून तो विचारू नका.

अशा २४ जोड्या करा. एका माणसाला जोडीतलं एकच वाक्य दिसलं पाहिजे, म्हणून दोन याद्या: पहिलीत १२ चकव्याची आणि १२ सरळ, दुसरीत नेमकी उलट. निम्मे लोक एका यादीवर, निम्मे दुसरीवर, आणि प्रत्येक घरभाषेचे लोक दोन्हीकडे वाटून. त्यात भलत्याच रचनेची ४८ भरीची वाक्यं मिसळा, नाहीतर दहाव्या वाक्यापर्यंत सगळे "-णाऱ्या" ची वाट बघायला शिकतात आणि तुम्ही मोजता तो त्यांचा नवा शहाणपणा. सुरुवातीला सहा सरावाची, आणि ३६ वाक्यांनंतर विश्रांती. प्रत्येक वाक्यानंतर हो-नाहीचा प्रश्न, निम्म्यांचं उत्तर हो. चकव्याच्या वाक्याला प्रश्न थेट मर्मावर हवा: "नोटीस मामलेदारांनी पाठवली का?" नुसता वेळ पाहून चालत नाही. जो भरभर वाचून चुकीचं उत्तर देतो त्याला चकवा कळलेलाच नसतो, त्याचा वेळ मात्र उत्तम दिसतो.

देवनागरीत दोन गोष्टी बिघडतात. इंग्रजी प्रयोगात पुढचे शब्द रेघांनी झाकून वाक्य ओळीत ठेवतात. आपली जोडाक्षरं आणि मात्रा समान रुंदीत बसत नाहीत, रेघा आणि शब्द जुळत नाहीत आणि ओळ हलते. म्हणून प्रत्येक शब्द पडद्याच्या मध्यभागी, एकेकटा दाखवा. दुसरं, प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामापासून तोडून वेगळ्या खिडकीत कधीही टाकू नका. "सचिवा । कडून" असं कोणी वाचत नाही.

गोव्यासाठी आणखी एक काळजी. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांची देवनागरी मुळातच सावकाश असते, आणि कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, वाचणाऱ्यांची त्याहून सावकाश. म्हणून दोन माणसांच्या वेळांची तुलना करू नका. प्रत्येकाचा चकव्याचा वेळ वजा त्याचाच सरळ वाक्याचा वेळ, एवढंच बघा. लिपीचा संथपणा दोन्हीकडे सारखा असल्याने बराचसा वजा होतो. ज्यांना अक्षर लावत वाचावं लागतं त्यांना मात्र यातून बाहेर ठेवा आणि तीच वाक्यं ऐकवून प्रश्न विचारा.

१०० मिलिसेकंदांखालचे दाब हे नुसते दाब असतात, ते काढा. वरची मर्यादा, समजा ३ सेकंद, आकडे बघायच्या आधी ठरवून लिहून ठेवा. नंतर ठरवलीत तर ती हवा तो निकाल देते. सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरा, कारण एखाददुसरा लांबलेला वेळ सरासरी ओढून नेतो. फोनवर घ्यायचं टाळा, प्रत्येक फोनची स्पर्श नोंदवायची दिरंगाई वेगळी असते. आणि पाच कन्नड विरुद्ध तीन हिंदी अशी तुलना छापू नका. एवढ्या लोकांवर घरभाषेबद्दल काही सिद्ध होत नाही, फक्त कोणाला काय शिकवायचं ते कळतं.

---

पदच्छेद:

मोजणी झाली की शिकवण्याबद्दल. नियम पुन्हा समजावू नका, तो त्यांना येतोच. बिल व्हॅनपॅटन यांची पद्धत इथे चालेल: अर्थ फक्त एका खुणेवर टांगायचा आणि उत्तर लगेच मागायचं. दोन चित्रं दाखवा, एकात बैल गायीला ढकलतोय, दुसऱ्यात गाय बैलाला. वाक्य ऐकवा, चित्रावर बोट. जगाची माहिती कामी येता कामा नये, दोन्ही चित्रं सारखीच शक्य हवीत. रोज १२ वाक्यं, दहा मिनिटं. वाक्य ऐकवा, वाचायला देऊ नका, म्हणजे मागे जाता येत नाही.

दुसरा सराव अंदाजाचा. "मामलेदारांनी अर्जदाराला नोटीस..." इथे थांबा आणि वाक्य पुरं करायला सांगा. सगळे "पाठवली" म्हणतील. मग "पाठवणाऱ्या" दाखवा आणि पुन्हा पुरं करायला सांगा. आपली पहिली बांधणी कुठे मोडली हे त्यांना तिथेच, त्या शब्दावर दिसतं. वाक्य लांबवा ते दर आठवड्याला एका घटकाने, त्याहून वेगाने नको.

---

मांडवीकाठ:

कचेऱ्यांतून एक सल्ला सर्रास दिला जातो, "आधी शेवटचं क्रियापद बघा, मग मागे या." नोटीस समोर कागदावर असेल तर ती युक्ती खरंच वाचवते, आणि परीक्षेत वेळही वाचतो. पण वर्गात ती सवय लावू नका. ग्रामसभेत कोणी बोलत असताना शेवटचं क्रियापद आधी बघता येत नाही.

---

वाचनवर्ग_फोंडा:

सोमवारपासून खुणांची २४ वाक्यं कागदावर घेते, प्रथमपुरुषी वेगळी काढून. लॅपटॉपवरच्या जोड्या करायला महिना लागेल. पहिल्या सहा जोड्या झाल्या की इथे टाकते, "-नी" आणि "-णाऱ्या" मध्ये कुठे फट राहिली असेल तर दाखवा.